तितीनाचा अंधार

“बाई, एक विचारू?” बेर्गामोहून आलेल्या मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि तितीनाची गोष्ट मध्येच तुटली.

नेपल्सच्या पोटातल्या या भुयारात ती आयुष्यभर पाहुण्यांना फिरवत आली होती. रस्ता तिने कधी लक्षात ठेवलाच नव्हता. तोंड गोष्ट सांगायचं आणि पाय गोष्टीमागून चालायचे. ग्रीकांनी दगड काढला म्हटलं की डावीकडे, प्लेगची साथ आली म्हटलं की उजवीकडे.

“विचारा की मास्तर. तुम्हा उत्तरेकडच्यांना विचारल्याशिवाय जेवणसुद्धा पचत नाही.”

लोक हसले. मास्तरांनी बॅटरीचा झोत भिंतीतल्या कोनाड्यांवर फिरवला. “या बेवारशी कवट्या लोक दत्तक घेतात म्हणे. पुसतात, नवस बोलतात. अजून चालतं का हो ते?”

“छे! चर्चने केव्हाच बंद केलंय. आता कोण करतंय असलं,” असं म्हणून तितीना पुढे जायला वळली.

समोर तीन बोळ होते, तोंडाशी तिन्ही सारखेच काळे.

कुठला? तिला काही सुचेना. गोष्ट कुठवर आली होती तेही आठवेना. एका बोळातल्या पायऱ्या वर उन्हात जायच्या. एक दगडांनी बुजलेला होता. आणि एकात, वळणापलीकडे, जुनी विहीर होती. तिला कठडा घालायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. मागे एवढी माणसं, त्यात एक पोटुशी बाई, आणि सगळी तिच्या पावलावर पाऊल टाकणारी.

सकाळी तिने कॉफीचं भांडं पाणी न घालताच गॅसवर ठेवलं होतं. परवा सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना. म्हातारपण म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पण हे? ‘मला रस्ता आठवत नाही’ एवढं म्हटलं की झालं. उद्यापासून घरी बसायचं आणि एकेक गोष्ट विसरत जायचं. तिला विहिरीची भीती वाटत होती, आणि त्या घराचीही.

“कुठल्या बाजूने, बाई?” मास्तरांनी विचारलं.

“दिवे मालवा,” ती एकदम म्हणाली. “मोबाइलसुद्धा. आणि जागचं कोणी हलायचं नाही. इथला अंधार बघितल्याशिवाय वर जायचं नसतं.”

दिवे गेले. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि लगेच गप्प झालं. डोळ्यांना नाही तर हातांना तरी आठवेल म्हणून तितीना भिंत चाचपत सरकू लागली. बोटांखालून एकेक कवटी जात होती, थंड, गुळगुळीत, सगळ्या सारख्याच.

मग बोटांना कापड लागलं. विणलेली किनार, आणि कोपऱ्यात सुटलेला एक टाका.

हा टाका तिचाच होता. दर सोमवारी, कुणी यायच्या आत, ती खाली उतरून ही एक कवटी पुसायची आणि तिच्याखाली धुतलेला रुमाल घालायची. तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्या रफेलेलाही ते ठाऊक नव्हतं. आणि ही कवटी होती पायऱ्यांच्या बोळाला लागून, अगदी तोंडाशी. आजवर तितीनाने त्या कवटीकडे काही मागितलं नव्हतं.

“बाई माझे, मला सोडू नकोस,” ती पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, “चला, लावा दिवे. माझ्या मागून या.”

वर उन्हात आल्यावर तिच्या जिवात जीव आला. तिकिटाच्या खिडकीतून रफेले ओरडला, “मावशी, आज फार वेळ लावलास!”

“उत्तरेकडचे होते. प्रश्न संपतील तर ना.”

मास्तरांनी येऊन तिचा हात हातात घेतला. “बाई, बाकी सगळं विसरेन, पण तो अंधार नाही. अंगावर काटा आला. दर वेळी करता का असं?”

पुढचा गट सावलीत उभा राहून तिचीच वाट बघत होता. तितीनाने अरिष्ट टळावं म्हणून दाराच्या लोखंडी कडीला हात लावला, आणि तो तिथेच राहू दिला.

“नाही हो,” ती म्हणाली. “पण आता करावं लागेल.”