फालतू सिग्नल

लकवा मारल्यापासून देवाजीची वाचा गेली होती. हलत होतं ते उजव्या हाताचं एक बोट. मुलाने, धर्मेंद्रने, त्या बोटाखाली बटण ठेवलं, बटणाची तार जुन्या कॉम्प्युटरच्या सिरीयल पोर्टला जोडली आणि पोर्टवर नजर ठेवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी.

पण घंटी दिवसभर वाजायला लागली. रुखमिणी हातातलं काम टाकून नवऱ्याच्या खोलीत जायची, आणि त्याला ना पाणी हवं असायचं, ना कूस बदलायची असायची. मायचे हाल बघवेनात म्हणून धर्मेंद्रने पोर्टवर काय येतंय ते स्क्रीनवर पाहिलं. तीन सिग्नल लागोपाठ, जरासा खंड, मग दोन, पुन्हा तीन. एकदा दाबलं तरी बटणातला पत्रा थरथरून अनेक सिग्नल जात असणार, झालं. एक सिग्नल आला की पुढचे काही सेकंद येईल ते सगळं सोडून द्यायचं, एवढं त्याने प्रोग्राममध्ये वाढवलं.

घर एकदम शांत झालं. दोन दिवसांत देवाजीने बटण दाबणंच सोडलं.

"आता धावाधाव नाही ना, माय?" धर्मेंद्रने विचारलं.

रुखमिणी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"धावत कोन होतं, बाबू? मी तं ऐकाले जाऊन बसत होती. दंडारीच्या खेळात ह्यांची ढोलकी अशीच सुरू होत होती."