दर दहा सेकंदांनी

पांढुर्ण्याच्या त्या इंटरनेट ऑफिसात एक रीत होती: ज्याच्या गच्चीवर राउटर बसवायचा, त्याचंच नाव राउटरला द्यायचं. हे राउटर दर दहा सेकंदांनी एकमेकांना ‘मी आहे’ म्हणून कळवत.

संत्र्याच्या वासानं पेंगुळलेल्या दुपारी तिथं काम करणाऱ्या चेतनला पडद्यावर, चालू राउटरांच्या यादीत, रघुनाथरावांचं नाव दिसलं. रघुनाथराव तर पोळ्यालाच वारले होते. त्यांचा राउटर काढून मागच्या कपाटात ठेवलेला, एकही वायर न जोडलेला. आणि सौंसर गावाचं सगळं इंटरनेट त्याच नावावरून जाऊन राहिलं होतं.

“विजयाताई, हे कसं काय?”

शेजारच्या टेबलावरच्या विजयाताईंनी कपाटाकडं पाहिलंच नाही. “असू दे रे.”

खरं काय ते बघायला सौंसरला जाणारी एकुलती एक वायरच चेतननं उपसून टाकली.

लगेच सौंसरच्या ऑफिसातून शिवानीचा फोन आला.

“दादा, काय केलं? आता तं मस्त चालून राहिलं!”