घाटातली बादली

“या भाऊबीजेला घाटात उकळली, तर गाडी भंगारात,” ह्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. त्याच गाडीवर मी चाळिशीत चालवायला शिकले होते.

दरवर्षी पाचगणीला माहेरी निघालो की पसरणी घाटात तापमानाचा काटा लालवर. दादा ओवाळून घ्यायला उपाशी बसलेला आणि आम्ही बॉनेट उघडून. ह्यांनी कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप नवा बसवला. तरी घाटातले चहावाले गेनबा आमची गाडी दिसली की पाण्याची बादली घेऊनच यायचे.

निघताना मला आठवलं, हाच घाट गाडी मेच्या उन्हात निमूट चढते. उकळते ती दिवाळीत. मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले. दसऱ्याचा झेंडूचा जाडजूड हार अजून पुढच्या जाळीवर होता. पूजेचा हार गळून पडेपर्यंत काढायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. मग रेडिएटरला वारा लागणार कुठून?

मी हार सोडवून मागच्या सीटवर ठेवला.

“अगं, पूजेचा आहे तो.”

“म्हणून तर आत बसवलाय,” मी स्टिअरिंगवर बसत म्हटलं.

घाटभर ह्यांची नजर काट्यावर. काटा मध्यावरून हलला नाही. वळणावर गेनबा बादली घेऊन पुढे आले. मी हॉर्न वाजवला.

“अगं, थांब. चहा तरी घेऊ.”

“परत येताना,” मी म्हटलं आणि तिसरा गिअर टाकला. “दादाला भूक लागली असेल.”