घरचं धरत नाहीत

"घरचं धरत नाहीत गं," मिसेस हॅनरॅटी म्हणाल्या आणि मारिसोलचा कागद त्यांनी टेबलावरून परत सरकवला.

त्या दिवशी राखेचा बुधवार होता. सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी लावलेला राखेचा क्रूस त्यांच्या कपाळावर अजून ठसठशीत होता. धर्मशिक्षणाचा तास त्यांचाच, आणि बारावीच्या मुलींचे सेवेचे तास मोजायचं कामही त्यांच्याचकडे. ते तास भरले नाहीत तर डिप्लोमा नाही. मग पोरगी गणितात पहिली असो नाहीतर लॅटिनमध्ये.

मारिसोल दोन्हींत पहिली होती.

"मॅम, आजोबांचं सगळं मीच करते. आई रात्रपाळीला असते. मी त्यांना भरवते, अंग पुसते, कूस बदलते. अर्धांग झालंय त्यांना."

"त्याचं मला फार कौतुक आहे. पण ते प्रेम झालं, बाळा. सेवा म्हणजे परक्यासाठी केलेली. नियमच आहे तसा."

"मी परक्यांकडे गेले तर आजोबांना कोण बघणार?"

"निघेल काहीतरी मार्ग. प्रार्थना कर."

मारिसोलची कानशिलं तापली. मिसेस हॅनरॅटींच्या मागे भिंतीवर एक मोठा फोटो होता. नाताळच्या सुट्टीत शाळेच्या मुली विमानाने ग्वातेमालाला गेल्या होत्या आणि तिथल्या एका शाळेची भिंत रंगवून आल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, सगळ्यांच्या नाकावर रंग. तीच भिंत आदल्या वर्षीच्या मुलींनीही रंगवली होती. त्यांचेही तास धरले होते.

"माझे आजोबा ग्वातेमालाचेच," मारिसोल म्हणाली. "त्यांना इकडे आणलं तिथंच चुकलं आमचं. तिकडेच ठेवलं असतं तर मला तासही मिळाले असते आणि टी-शर्टही."

"मारिसोल! तोंड सांभाळ."

मागे रांगेत उभी असलेली ब्रिजेट फॉय फिस्सकन हसली आणि लगेच तिने हातातल्या कागदाकडे बघितलं. तिच्या कागदावर तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं. टोबी बोलत नाही, त्याला क्षणभरही एकटं सोडता येत नाही. आता आपलाही कागद असाच परत येणार, हे तिला कळून चुकलं होतं.

मारिसोलने वळून तिच्याकडे बघितलं. तिला भयंकर राग आला होता, आणि त्या रागातच तिला सुचलं.

"मॅम, मी ब्रिजेटच्या भावाला सांभाळलं तर?"

"टोबीला? वा! ते धरू की."

"आणि ब्रिजेटने माझ्या आजोबांना भरवलं तर?"

मिसेस हॅनरॅटींचा चेहरा उजळला. "अगं, हीच तर खरी सेवा!" त्यांनी दोघींचे कागद ओढून घेतले, नावं बदलली आणि खाली झोकात सह्या केल्या. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. चीड येते ती याचीच.

संध्याकाळी मारिसोल ब्रिजेटच्या घरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. टोबीने मटाराचा वाडगा दोनदा भिरकावला होता. त्याला त्याची बहीण हवी होती, आणि तो हंबरडा फोडून तेवढंच सांगत होता.

गावाच्या दुसऱ्या टोकाला ब्रिजेट आजोबांच्या पलंगाशी काळ्या घेवड्याचं सूप घेऊन बसली होती. चमचा कितीदा पुढे केला, तरी आजोबा ओठ घट्ट मिटून दाराकडे बघत होते. शेवटी तोंडाची जी बाजू हलत होती तिने त्यांनी विचारलं,

"मारिसोल?"

स्पॅनिशमध्ये ब्रिजेटला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे. तिला सगळे शब्द येत होते. ते उच्चारायला मात्र तिची जीभ रेटेना. कसंबसं ती म्हणाली,

"ती सेवा करायला गेलीय, आजोबा."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.