सुटलेला सायलेन्सर

राजाराम पूल ओलांडून तेजस्विनी सिंहगड रस्त्याला लागली आणि मोटरसायकलचा सायलेन्सर सुटला. डांबरावर घासत, खणखणत तो गाडीबरोबर येऊ लागला. बाजूने जाणारा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, निम्मी गाडी मागं राहतीय." तिने गाडी कडेला घेतली. पुढचं टोक इंजिनाला धरून होतं, मागचा बोल्ट मात्र कुठेतरी पडला होता. घाईघाईत तिने सायलेन्सर हाताने उचलायला पाहिलं आणि तळहात चरकन भाजला. सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडी शोभणार नाही अशी शिवी तिने घातली.

शिवी भावाला होती.

हक्कसोडपत्रावर सही करायला ती निघाली होती. धायरीतल्या माहेरच्या घरामागची जमीन भावाला, विश्वजीतला, बिल्डरला विकायची होती. वडील, संभाजीअण्णा, गेल्यापासून तो एकच गोष्ट सांगत होता. बहिणी हक्क सोडतातच. गावात सगळ्यांच्या बहिणींनी सोडला. तुझं कर्वेनगरला चांगलं चाललंय, तुला काय कमी आहे? अण्णांची ही जुनी मोटरसायकलही त्यानेच तिला देऊन टाकली होती, आमच्या दारात नुसती जागा अडवते म्हणून. तिने ती मुकाट्याने नेली. तिच्यावरच तर अण्णांनी तिला गाडी शिकवली होती.

पण तिचा खरा राग आईवर होता. आनंदीबाई रोज फोन करत आणि रोज तेच बोलत. भावाशी वाकडं घेऊ नकोस, माहेर तुटेल, सही करून मोकळी हो. 'तुझी इच्छा काय आहे,' असं आईने एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी तेजस्विनी वैतागून हो म्हणाली होती.

कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स खांबावर लटकत होता. तिने त्याची तार सोडवली आणि रस्त्याच्या कडेला बसून सायलेन्सर बांधायला घेतला. भाजलेल्या हाताने पीळ बसेना. एवढ्यात विश्वजीतचा फोन आला. ती कुठे अडकली आहे हे तिने सांगितलं आणि थोड्याच वेळात त्याची मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर आई होती.

तो उतरला. तिच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. रजिस्ट्रारकडची वेळ चुकली तर वकील पुन्हा मिळायचा नाही, ही गाडी इथेच सोड आणि माझ्या गाडीत बस, असं तो म्हणाला. ती म्हणाली की बांधून होतंय, थोडं थांब.

"काय बांधतेस? भंगार आहे ते," असं म्हणून त्याने बुटाने सायलेन्सरला लाथ घातली. निम्मी बांधलेली तार सुटली. सायलेन्सर पुन्हा खाली आदळला. मग तो वकिलाला फोन लावत पुढे पानाच्या टपरीकडे निघून गेला.

गाडीचं दार उघडलं. आनंदीबाई पाण्याची बाटली घेऊन हळूहळू खाली उतरल्या आणि लेकीच्या हातावर पाणी ओतू लागल्या. तेजस्विनीने हात झटकला. आता कशाला माया, असं ती आईला म्हणाली. रोज फोन करून गळ घालत होतीस, तेव्हा कुठे गेली होती? मी तुझी कोणीच नव्हते का?

आनंदीबाईंनी एकदा टपरीकडे पाहिलं.

"फोन त्योच लावून द्यायचा, तेजे. बोलणं संपूस्तर शेजारीच बसलेला असायचा."

एवढे दिवस धुमसणारा राग तेजस्विनीच्या आत जागा शोधत फिरला आणि जिथे जायला हवा होता तिथे जाऊन उभा राहिला. ती पुन्हा खाली बसली. या वेळी तिने तार दुहेरी केली. आईने बाजूला बसून पदराच्या घडीने सायलेन्सर वर उचलून धरला, आणि दोघींनी मिळून तो घट्ट बांधला.

विश्वजीत परत आला. वकील थांबायला तयार आहे, चला, असं तो म्हणाला. तेजस्विनी हात पुसत उठली.

"दादा, मी सही करणार नाही. जमिनीचं काय करायचं ते तिघांनी बसून ठरवू."

आधी त्याला ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा लाल झाला. भर रस्त्यात तो बोलत सुटला. अण्णांचं आजारपण कोणी काढलं, घर कोणी सांभाळलं, नवऱ्याने शिकवलं ना तुला हे. पुन्हा उंबरा चढू नकोस, असंही तो म्हणाला. तिने किक मारली. गाडी पहिल्यापेक्षा दुप्पट आवाज करत सुरू झाली.

"आई, गाडीत बस," विश्वजीत ओरडला. "तिच्यावाचून काय अडत नाय आपलं."

आनंदीबाईंनी साडी सावरली आणि त्या लेकीच्या मागे मोटरसायकलवर बसल्या.

"मला बी सहीलाच नेत हुतास की, विश्वा," त्या म्हणाल्या. "तिला निदान इचारलंस तरी. मला तेवढं बी नाय. माझी बी सही नाय व्हायची."