नात्याचा रकाना

"तुमचे वडील आमच्याकडे आहेत," पलीकडची बाई म्हणाली, तेव्हा फोन घेणारीच्या हातात कोणाच्या तरी चष्म्याची काच होती. दुकानातलं काच घासायचं मशीन चालूच होतं. तिने ते बंद केलं आणि विचारलं, "कोणाचे?"

फोन सरकारी रुग्णालयातून होता. बस स्टँडच्या बाकावर एक म्हातारा बेशुद्ध सापडला होता. खिशात पत्राचं एक जुनं पाकीट, त्यावर तिच्या आईचं नाव आणि घरचा पत्ता. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हाताऱ्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. रुग्णालयाने पत्त्यावर चौकशी केली, आणि शेजाऱ्यांनी जुळवून टाकलं. चौतीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा. दुसरा कोण असणार?

त्या दिवशी ती रुग्णालयात जाऊन आली आणि भावाला फोन लावला. दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, दुसऱ्या शहरात.

"चौतीस वर्षांनी बरी आठवण झाली," दादा म्हणाला. "अंथरुणाला खिळल्यावर."

"ते काही बोलत नाहीत रे. नुसते बघत राहतात."

"तू दोन वर्षांची होतीस. तुला तोंड तरी आठवतंय का?"

"नाही."

"मला आठवतंय. म्हणूनच मी येणार नाही. आणि माझ्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नकोस. इथे सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. आधीच नाकी नऊ आलेत."

रुग्णालयाने आठ दिवसांची मुदत दिली. नाहीतर निराधारांच्या वॉर्डात हलवू, म्हणाले. ती तो वॉर्ड बघून आली. एका खाटेवर दोन-दोन माणसं होती, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांशी. एकाने तिला किती वाजले म्हणून विचारलं. तिने सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने एका खासगी शुश्रूषागृहाचा फॉर्म आणला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगी.

रविवारी दुकान बंद असायचं. दोन बस बदलून ती तिथे जायची. दाढी करायची, अंग पुसायची, पेज भरवायची. अर्धी पेज आत जायची, अर्धी हनुवटीवरून खाली यायची. पहिल्या रविवारी परत येताना तिने स्टॉपवरूनच दादाला फोन केला.

"दादा, त्यांच्याबद्दल एक सांगायचं होतं."

"त्या माणसाबद्दल मला काही म्हणजे काही सांगू नकोस. आज नाही, कधीच नाही."

"बरं," ती म्हणाली. बस आली.

असं चार वर्षं चाललं. शुश्रूषागृहाची फी दरवर्षी वाढायची, तिचा पगार एकदाच वाढला. तिने पुढची खोली भाड्याने दिली आणि स्वतःची खाट स्वयंपाकघरात ओढली. रात्री पाय लांब केले की फ्रीजला लागायचे; दादाला तिने ते फोनवर गंमत म्हणून सांगितलं. दुकानातलं जास्तीचं काम ती घरी आणू लागली.

दुकानात फ्रेम बसवणारा एक कारागीर होता. आपण दोघं मिळून स्वतःचं दुकान टाकू, असं तो म्हणाला होता. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. तिसऱ्या वर्षी त्याने एकट्याने दुकान टाकलं. ती उद्घाटनाला गेली, चहा प्यायली, परत आली. वाईट वाटलं की नाही, हे तिला नीट कळलं नाही. रात्री सात जोड काचा घासायच्या होत्या.

"अशी मुलगी मिळायला नशीब लागतं हो," शुश्रूषागृहाच्या व्यवस्थापक बाई म्हणायच्या.

"डायपर संपलेत का?" ती विचारायची.

म्हाताऱ्याला शेवटपर्यंत शब्द फुटला नाही. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की तो फक्त "अं" करायचा. इतर दिवशी तेवढंही करत नाही, असं तिथल्या आयाने एकदा सांगितलं. ती म्हणाली, अस्सं.

एका बुधवारी सकाळी दुकानात फोन आला. तिने हातातली काच पूर्ण केली, पुसली, डबीत ठेवली आणि मालकाकडे सुट्टी मागितली. देह ताब्यात घ्यायला दोन नातेवाइकांच्या सह्या लागणार होत्या. तिने दादाला फोन केला.

"येतो," तो म्हणाला. "सही करून निघेन. रडायला येत नाहीये मी."

दुपारी दादा आला. खोलीत व्यवस्थापक बाई कागद घेऊन उभ्या होत्या. चादर छातीपर्यंत ओढलेली होती, हात वर ठेवलेले होते. दादा आधी दारातच थांबला. मग पुढे आला आणि चेहऱ्याकडे बघत राहिला. चार वर्षांच्या आजारपणाने त्या चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. त्याची नजर खाली गेली. त्याने डावा हात उचलला, उलटसुलट करून पाहिला. मग उजवा.

"हे बाबा नाहीत," तो म्हणाला.

व्यवस्थापक बाईंनी पुढे केलेलं पेन तसंच राहिलं.

"बाबांची डाव्या हाताची दोन बोटं छापखान्यातल्या कटरमध्ये गेली होती. आई सारखं सांगायची, आठवतंय ना तुला? ह्यांची दहाच्या दहा आहेत!" दादाचा आवाज चढला आणि एकदम फाटला. "चार वर्षं! चार वर्षं तू फ्रीजला पाय लावून झोपलीस, कुठल्या कोण परक्या माणसासाठी! माझंच चुकलं गं. मी एकदा, एकदाच येऊन बघितलं असतं तर…"

ती कोसळेल म्हणून त्याने तिचे खांदे धरले. तिने त्याचे हात हळूच सोडवले, स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि टेबलावरचं पाणी दिलं.

"पहिल्या रविवारी त्यांची नखं कापली ना दादा," ती म्हणाली, "तेव्हाच मोजली होती."