गळका डोंगा

धुरपताबाईचा नावाडी नवरा वारला आणि पैनगंगेकाठचा डोंगा विकायला निघाला. रास्त भाव सांगायला देवला सुतार आला. त्यानं लाकूड बोटांनी वाजवलं, सागवान खणखणीत होतं. पण तळाला अंगठ्याएवढं भोक! “गळका हाये, बाई. भाव अर्ध्यावर येते.” “गळकाच हाये, भाऊ. बारा वर्सं त्यायनं वल्हं मारलं आन् मी संगं बसून गडव्यानं पानी उपसलं. भोक बुजतच नाई म्हनत.” देवलानं नावाड्याच्या बसायच्या फळीखाली हात घातला. तिथं खोचलेली खुंटी निघाली, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. भोकात दाबली तशी नेमकी बसली. म्हणजे बाई सोबत नसताना डोंगा गळतच नव्हता तर! देवला घुटमळला. “पुरा भाव घ्या, बाई.” धुरपताबाईनं खुंटी काढून पदराच्या गाठीत बांधली. “ही मले पयल्याच वर्सी सापडली व्हती, भाऊ. तुमी गळक्याचाच भाव सांगा.”